रविवारनंतरचे सहा दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिष्य हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गाणे शिकणारा शिष्य, तालमीतला शिष्य, संतांचा शिष्य ही सारी नाती आपल्या ओळखीची आहेत. वारकरी संप्रदायात तर शिष्यत्व गळ्यात दिसते. एखाद्याने तुळशीची माळ घातली, की घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि कचेरीतल्या मंडळींना कळते, की हा माणूस आता मद्यमांसाला शिवणार नाही, एकादशी धरणार, वारी चुकवणार नाही. मग त्याला कोणी भलता आग्रह करीत नाही. माळच त्याच्या वतीने उत्तर देते.

ख्रिस्ती माणसाला ही सोय नाही. काही जण गळ्यात क्रूस घालतात. पण क्रूस घातला म्हणजे अमुक करायचे आणि तमुक करायचे नाही, असा संकेत आपल्या समाजात रूढ नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक आहेतही थोडे. २०११च्या जनगणनेनुसार शंभरात जेमतेम एक. त्यामुळे पुष्कळांना वाटते, की ख्रिस्ती असणे म्हणजे रविवारी चर्चला जाणे आणि नाताळात केक करणे. "तुमच्यात बरे आहे हो, आठवड्यातून एकदा प्रार्थना केली की झाले," असे मला अनेकींनी म्हटले आहे. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण अडचण रविवारी नसतेच. रविवारी सगळे आपल्यासारखेच असतात, भजने ओळखीची असतात. अडचण सोमवारी सकाळी सुरू होते.

जकात नाक्यावरचे बोलावणे

नव्या करारात शिष्य या अर्थाने जो ग्रीक शब्द येतो, त्याचा साधा अर्थ 'शिकणारा' असा आहे. एखाद्या सुताराच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करतो, रंधा कसा धरायचा हे पाहून पाहून शिकतो, तसे हे शिकणे. येशूने ज्यांना बोलावले ते देवळात बसलेले नव्हते. कोळी जाळी टाकीत होते, जाळी नीट करीत होते. मत्तय तर जकात नाक्यावर बसून पैसे मोजत होता.

त्यांच्यापैकी काहींनी जाळी आणि नाका सोडला, हे आपल्याला माहीत असते. पण ज्यांना काहीच सोडून जाता आले नाही, त्यांची आठवण कमी काढली जाते. मार्था आणि मरीया या बहिणी आपल्या घरीच राहिल्या. जक्कय हा जकातदारांचा मुखिया. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाला फसवून घेतले असल्यास चौपट परत करण्याचे कबूल केले. मला नेहमी वाटते, की जक्कयाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली असेल. गाव तेच होते आणि ज्यांना लुबाडले ते शेजारीही तेच. सोडून जाणारा एकदाच निर्णय घेतो. राहणाऱ्याला तो रोज घ्यावा लागतो.

जर्मनीतील धर्मोपदेशक डीट्रिख बोन्हॉफर यांनी १९३७ मध्ये शिष्यत्वावर एक पुस्तक लिहिले. ज्या क्षमेसाठी आपले काहीच बदलावे लागत नाही, ती फार स्वस्त क्षमा झाली, असा त्यांचा रोख होता. हिटलरच्या राजवटीला त्यांनी विरोध केला आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. असे मोल देण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येत नाही. आपल्याला ते हप्त्याहप्त्याने द्यावे लागते. आणि हप्ता लहान असला, की तो चुकवणेही सोपे जाते.

लक्ष्मीबाईंचे पाणी

हे हप्त्याने मोल देणे म्हणजे काय, हे मराठीत कोणी उघड करून दाखवले असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' आपण वाचतो ती त्यांच्या विनोदासाठी, भाषेच्या गोडीसाठी. मी ते पुस्तक शिष्यत्वाचे पुस्तक म्हणूनही वाचते.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला आगगाडीत वळण मिळाले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही झाली टिळकांची गोष्ट. लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळ कोसळले. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अशा घरातली ही मुलगी. तिचा नवरा एका दिवसात धर्म, जात आणि गोतावळा यांच्या पलीकडे निघून गेला. लहानग्या दत्तूला घेऊन ती पंढरपूरला राहिली. चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळी होती.

पुढे त्या अहमदनगरला आल्या. पण आल्या म्हणून लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. मग हळूहळू विचार सुरू झाला, की हे भेद देवाने केले की माणसाने? माणसे देवाने घडवली आणि जाती माणसांनी, असे त्यांच्या मनाने घेतले आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. पुष्कळदा आमच्याकडे उलटे होते. बाप्तिस्मा तान्हेपणी होऊन जातो आणि पाणी पुढे साऱ्या आयुष्यात होत नाही. हे मी कोणा परक्यावर टीका म्हणून सांगत नाही; आमच्याच समाजाबद्दल सांगते. आमच्यातही लग्न जुळवताना "मुलगा आपल्यातलाच आहे ना?" असे विचारले जाते, आणि 'आपल्यातला' म्हणजे ख्रिस्ती एवढाच अर्थ नसतो. दोनतीन पिढ्यांपूर्वी घरात कोणती जात होती, हे हळूच पाहिले जाते. एकाच बाकावर बसून भजन म्हणणारी दोन घरे सोयरीक मात्र करीत नाहीत. लक्ष्मीबाईंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घागरीपाशी जो प्रश्न सोडवला, तो आमच्यातल्या कित्येकांनी अजून हातात घेतलेला नाही.

खर्च कोण भरतो?

टिळकांच्या घराकडून आणखी एक गोष्ट शिकता येते, आणि ती जरा अवघड आहे. टिळक दिलदार होते. हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकावे, मनात आले की उठून चालू लागावे, असा त्यांचा स्वभाव. पोरकी, गरजू मुले त्यांच्या घरी असायची. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याकडेच राहिले होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे सारे शिष्य त्यात भाऊ म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. आजही ती धाडसी वाटते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

हे सारे थोर आहे. पण घरात पीठ आहे की नाही, आलेल्या पाहुण्याला काय वाढायचे, याची काळजी कोणी केली? लक्ष्मीबाईंनी. त्यांनी हे कुरकुर म्हणून लिहिले नाही, हसत हसत लिहिले. पण लपवलेही नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, तेही पुढे त्यांनीच पूर्ण केले.

म्हणून शिष्यत्वाचा विचार करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. मी जे देते आहे, त्याचा खर्च नक्की कोण भरते आहे? चर्चच्या प्रत्येक कामात पुढे असणारा माणूस घरी आजारी आईजवळ दहा मिनिटे बसत नसेल, किंवा प्रार्थनासभेसाठी रोज बाहेर जाणाऱ्या सासूमागे सून एकटी राबत असेल, तर ते मोल दुसऱ्याच्या खिशातून गेले. येशूने आपल्या काळच्या धार्मिक लोकांना हेच सुनावले होते. देवाला अर्पण केले, असे सांगून म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी टाळणे त्याला मान्य नव्हते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या जोडीला ठेवावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील जोगिणींनी सांगितलेले सारे मुकाट्याने मानले नाही. ज्या सिस्टर जेराल्डीनला त्या मान देत, तिच्याशीच त्यांनी पत्रांतून परखड वाद घातला. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या, केडगावचे मुक्ती मिशन उभे केले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिष्य म्हणजे मान डोलावणारा, असे ज्यांना वाटते त्यांनी रमाबाईंकडे पाहावे. ज्याला शिकायचे असते तो प्रश्न विचारतोच.

खरवईतला सोमवार

आता आपल्या काळात येऊ. मी बदलापूर पूर्वेला खरवईत राहते. कधीकाळी हे गाव होते. आता एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला इमारती. इथली बरीच माणसे कारखान्यांत जातात आणि त्याहून जास्त माणसे सकाळी स्टेशनकडे धावतात. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. एका बाजूचा दीड-पावणेदोन तास धरला, तर दिवसाचे तीन-साडेतीन तास गाडीत जातात. शिष्यत्वाची शाळा भरते ती इथेच.

लोकलच्या बायकांच्या डब्यात जागेला काय किंमत असते, हे ज्यांनी तो प्रवास केला त्यांनाच कळेल. अलीकडच्या स्टेशनांवरच्या काही जणी उलट दिशेने बदलापूरला येतात आणि बसून राहतात. मग बदलापूरच्या बायकांना पहिल्याच स्टेशनवर उभे राहावे लागते. त्यावरून भांडणे होतात. मैत्रिणीसाठी पिशवी ठेवून जागा धरली जाते. तिघींच्या बाकावर चौथी बसायची, आणि ती अर्धी हवेत. या डब्यात शेजाऱ्यावर प्रेम करा, हे म्हणणे सोपे नाही, कारण शेजारीण अक्षरशः तुमच्या पायावर उभी असते. मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, की आपल्या गटातल्या बाईला जागा देणे कोणालाच जड जात नाही. अनोळखी, घामेजलेल्या, हातात मासळीची नाहीतर भाजीची पाटी असलेल्या बाईला "बसा" म्हणणे जड जाते. येशूने शेजारी कोण, हे सांगताना शोमरोनी परक्याची गोष्ट सांगितली, ती याच कारणाने.

ही झाली लहान गोष्ट. मोठ्या गोष्टीही दारात उभ्या असतात. २०१४च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले, आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयांत न्यावे लागले. असा टँकर आपोआप नदीवर जात नाही. कोणी तो भरतो, कोणी फाटक उघडतो, कोणी वहीत वेगळीच नोंद करतो. हे सारे बायकामुलांची माणसे असतात, आणि त्यांच्या डोक्यावर घराचे कर्ज असते. समजा, त्यांच्यातला एक जण ख्रिस्ताचा शिष्य आहे. त्याने काय करावे? "नोकरी सोड," असे सांगणे मंडपातून सोपे आहे. फाटकावर उभ्या असलेल्याला ते तसे सोपे नाही. मला वाटते, निदान त्याला एकटे पडू देता कामा नये. त्याच्या मंडळीने, शेजाऱ्यांनी, त्याचा पगार थांबला तर दोन महिने त्याच्या घरी धान्य पोचेल, एवढे तरी बघितले पाहिजे. सोबतीला कोणी नसेल, तर शिष्यत्व फक्त शूर माणसांनाच परवडेल.

दुसरा प्रश्न कागदाचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झाला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला, की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याला केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेता येणार नाही. कायद्याची चर्चा होत राहील. पण घरात काय होते? मुलाचा दाखला एका नावाचा, चर्चच्या वहीत दुसरे नाव. फॉर्ममधल्या 'धर्म' या रकान्यापाशी बापाची लेखणी थांबते. धर्म बदलला म्हणून गावातली वागणूक बदलली नाही, सवलत मात्र गेली, अशी त्याची व्यथा असते आणि ती खरी आहे. त्याला उठून खोटारडा म्हणणे मला जमत नाही. आणि खोटे लिहिले तरी चालते, असेही मी म्हणू शकत नाही. खरे लिहिणाऱ्या बापाच्या मुलाची फी कोण भरणार, हा प्रश्न मात्र रविवारच्या सभेत उघडपणे विचारला गेला पाहिजे. तो विचारला जात नाही, तोवर सत्याचा उपदेश अर्धाच राहतो.

प्रसादाची वाटी

रोजचा तिसरा प्रश्न त्यापेक्षा गोड आहे. आपल्या इमारतींत गणपती बसतो, सत्यनारायण होतो. शेजारच्या काकू प्रसादाची वाटी घेऊन येतात. ख्रिस्ती माणसाने ती घ्यावी की नाही? यावर आमच्यात एकमत नाही. गंमत अशी, की हा प्रश्न खरवईत निर्माण झालेला नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हाच पेच पडला होता. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खावे काय? पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्राचा सारांश असा, की अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. पण आपल्या वागण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागणार असेल, तर आपले ज्ञान बाजूला ठेवावे. नियमापेक्षा माणूस सांभाळा, असा हा सल्ला आहे.

मी वाटी घेते. काकू माझ्या आजारपणात दोन वेळा डबा पोचवणाऱ्या. त्यांच्या हातातली वाटी मला परत पाठवता येत नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई घेत नाहीत. पण त्या काकूंना घरात बोलावतात, चहा देतात, आपली अडचण नम्रपणे सांगतात, आणि विसर्जनाच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या राहतात. आम्हा दोघींपैकी कोण चूक आणि कोण बरोबर, याचा वाद आम्ही घालत नाही. दार धाडकन बंद करणे तेवढे दोघींनाही चुकीचे वाटते.

शेकोटीजवळचा पेत्र

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, इतके सगळे जमते कोणाला? जमत नाही, हेच खरे उत्तर आहे. पेत्राला तरी कुठे जमले? येशूसाठी मरायला तयार आहे, असे म्हणणारा हा शिष्य. येशूला पकडून नेले त्या रात्री तो वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ शेकत बसला होता. तलवार घेऊन त्याच्यावर कोणी चालून आले नाही. एका दासीने साधे विचारले, "तूही त्याच्याबरोबर होतास ना?" आणि पेत्र नाही म्हणाला. तीनदा नाही म्हणाला. मोठ्या युद्धाची तयारी करून आलेला माणूस साध्या बोलण्यात हरला. आपलेही बहुधा असेच होते. कचेरीत कोणाची तरी टवाळी चाललेली असते, आपण गप्प राहतो किंवा थोडे हसतोही. तेवढ्यात कोंबडा आरवून जातो.

पण शुभवर्तमान पेत्राला तिथे सोडून देत नाही. पुढे समुद्रकाठी, पुन्हा एकदा विस्तवाजवळ, येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? आधी झाल्या गोष्टीचा जाब विचारत नाही. काम सांगतो, माझी मेंढरे सांभाळ. नापास झालेल्या उमेदवाराला पुन्हा त्याच कामावर घेतले जाते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की ख्रिस्ती असाल वा नसाल, आपण ज्याला गुरू मानतो त्याचे एक वाक्य या आठवड्यासाठी धरावे, आणि ते गाडीत, कचेरीत, स्वयंपाकघरात जिथे सर्वांत जड जाते तिथे लावून पाहावे. एकच पुरे. कोणाचे ते सासूशी बोलण्यात असेल, कोणाचे कामवालीच्या पगारात, कोणाचे सोयरिकीच्या यादीत. बुधवारपर्यंत ते विसरायला होईल. गुरुवारी आठवले, तर गुरुवारपासून सुरू करावे.